जमीन सरकारची झाली, सत्ता कुणाची झाली?

भांडवलशाहीला पर्याय काय, यावर आपल्याकडे वाद सुरू झाला की तो पाहता पाहता रशिया, चीन आणि क्यूबावर जाऊन पोचतो. एक जण सायबेरियातल्या छावण्या आणि रिकाम्या दुकानांची आठवण करून देतो, दुसरा बेकारीची आणि खासगी हॉस्पिटलच्या बिलांची. दोघंही खरं तेच बोलत असतात, आणि म्हणूनच वाद तिथून पुढे सरकत नाही. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला मात्र इतक्या लांब जायची गरज नाही. खाडीच्या अलीकडे ठाणं आहे, पलीकडे ऐरोलीपासून पुढे नवी मुंबई. अलीकडे बरीचशी जमीन खासगी मालकांच्या हातात राहिली, पलीकडे बहुतेक जमीन सरकारने ताब्यात घेतली. मालकी कुणाची यावरच सगळं ठरत असतं, तर पन्नास वर्षांत ही दोन शहरं एकमेकांपासून फार वेगळी व्हायला हवी होती. तशी ती झाली नाहीत. का झाली नाहीत, याचा विचार करताना भांडवलशाहीच्या पर्यायाबद्दल मला जे समजलं ते इथे मांडतो.

1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईसमोर खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. आज ती फक्त नगररचनेची गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण तिच्या पोटात एक आर्थिक विचार होता आणि तो साधा नव्हता. शेतजमीन एका सार्वजनिक संस्थेने घ्यायची, तिथे रस्ते, पाणी, रेल्वे आणायची. त्यामुळे जमिनीचा भाव चढेल. ही चढती किंमत एखाद्या जमीनदाराच्या किंवा बिल्डरच्या खिशात जाऊ न देता तिच्यातूनच शहर उभं करायचं, गरिबांची घरं बांधायची. जमिनीची किंमत समाजाच्या कष्टाने वाढते, तर ती समाजाकडेच यावी, हा विचार मला आजही मोलाचा वाटतो. त्यासाठी 17 मार्च 1970 रोजी सिडको ही नगरविकास संस्था स्थापन झाली. तिची मालकी पूर्णपणे राज्य सरकारची. प्रकल्पक्षेत्र सुमारे 344 चौरस किलोमीटर, त्यात ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं. शहरात घर घेणाऱ्यालाही जमिनीची मालकी मिळाली नाही, 60 वर्षांचा भाडेपट्टा मिळाला. जमिनीवरची खासगी मालकी हे ज्याला भांडवलशाहीचं मूळ वाटतं, त्याला या शहरात ते मूळच उपटलेलं दिसायला हवं.

सुरुवातीच्या वर्षांत सिडकोने वाशीत आणि आसपास अल्प उत्पन्न गटासाठी खरोखरच हजारो लहान घरं बांधली. त्या बैठ्या वसाहतींत कारकून, शिक्षक, गिरणीतून बाहेर पडलेले लोक राहायला आले. हे श्रेय नाकारण्याचं कारण नाही. पण ज्यांच्या जमिनीवर हे सगळं उभं राहत होतं, त्या आगरी-कोळी गावांना भावाच्या चढाईत वाटा मिळाला नाही आणि निर्णयात तर कुणी विचारलंच नाही. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात जासईच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, तीही 1990 मध्ये. ज्या संस्थेची स्थापनाच जमिनीचा फायदा लोकांकडे वळवण्यासाठी झाली होती, तिच्याकडून आठवा हिस्सा परत मिळवायला गोळ्या झेलाव्या लागल्या.

आज तीच संस्था भूखंडांच्या निविदा काढते आणि सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला भूखंड देते. भाव चढवण्यात तिचं हित तेवढंच आहे, जेवढं घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही विकासकाचं. गावठाणात कुटुंब वाढलं म्हणून प्रकल्पग्रस्तांनी बांधलेली गरजेपोटीची घरं कायदेशीर की बेकायदेशीर, याचा घोळ कितीतरी वर्षं चालला. इकडे ठाण्यात 1962 साली स्थापन झालेल्या एमआयडीसीने वागळे इस्टेट उभारली, कारखाने आले, एका पिढीने तिथल्या पगारावर घरं चालवली, मग कारखाने एकेक करत बंद झाले आणि जागेवर टॉवर आले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रासायनिक कारखान्यांचंही तेच झालं, तिथे काचेच्या इमारती आल्या. दोन्ही शहरांत रुग्णालयातली नर्स आणि बसचा वाहक आता शहराच्या आत घर घेऊ शकत नाहीत. ते बदलापूरला राहतात, टिटवाळ्याला राहतात, आणि रोज येऊन हे शहर चालवतात.

मला यातून एकच गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. मालकी सरकारकडे गेली म्हणजे सत्ता लोकांकडे आली असं होत नाही. सिडकोचं संचालक मंडळ राज्य सरकार नेमतं. त्यावर गावांनी निवडून दिलेला माणूस नाही, भाडेपट्टेदार रहिवाशांनी निवडून दिलेला नाही, तिथे काम करणाऱ्यांनी निवडलेला नाही. मालकाची खुर्ची बदलली, पण तिच्यासमोर उभं राहून हिशेब मागण्याचा हक्क कुणालाच मिळाला नाही. म्हणून भांडवलशाहीचा कुठलाही पर्याय माझ्यासमोर आला की मालमत्ता कुणाच्या नावावर जाणार हे मी नंतर विचारतो. ज्याच्या आयुष्यावर निर्णयाचा परिणाम होणार, त्याला नाही म्हणता येणार का, हिशेब मागता येणार का, आणि निर्णय घेणाऱ्याला घरी बसवता येणार का, हे आधी विचारतो.

रशियाचं जे झालं तेही मला याच नजरेने दिसतं. 1917 मध्ये घोषणा होती, सगळी सत्ता सोव्हिएतांना, म्हणजे कामगार-सैनिकांच्या निवडून आलेल्या पंचायतींना. मार्च 1921 मध्ये क्रॉनस्टाटच्या नौसैनिकांनी सोव्हिएतांच्या मोकळ्या निवडणुका मागितल्या, तर लाल सैन्य पाठवून त्यांना चिरडण्यात आलं. क्रांतीला तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती. नियोजन मंडळाला लाखो वस्तूंचे भाव आणि उत्पादन वरून ठरवता येत नाही, हा अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप बरोबरच आहे. पण माझ्या मते त्याच्या कितीतरी आधी हा प्रयोग हरला होता, सोव्हिएतांना नाही म्हणायची मुभा उरली नाही त्या दिवशी.

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. 1947 मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि ही तरतूद थेट संविधानातच लिहावी, असं सुचवलं. आज निवडून आलेल्या बहुमताने आणायची आणि उद्याच्या बहुमताने काढून टाकायची, अशी ती त्यांना नको होती. त्यामागचं त्यांचं कारण आजही टोचतं. राज्याने अर्थव्यवस्थेत हस्तक्षेप करू नये असं म्हणणारे स्वातंत्र्याच्या नावाने बोलतात, पण हे स्वातंत्र्य प्रत्यक्षात मालकाला मजुरी घटवण्याचं आणि कामाचे तास वाढवण्याचं स्वातंत्र्य असतं. पोटासाठी काम करणारा माणूस नोकरी टिकवण्यासाठी आपले हक्क गहाण ठेवतो. खासगी मालकाची हुकूमशाही ही हुकूमशाहीच आहे, हे इतक्या स्वच्छपणे फार कमी लोकांनी सांगितलं. त्यांच्या आराखड्यात रोजच्या कामावर कामगाराचा स्वतःचा अधिकार किती, हा भाग मला अपुरा वाटतो. सिडकोचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला तो अपुरा वाटणारच.

आता एक उदाहरण असं सांगतो ज्यात मालकीला हातही लागला नाही आणि तरी सत्तेची वाटणी झाली. ते उदाहरण नवी मुंबईत रोज पहाटे चालू असतं. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये नाशिककडची गाडी गाळ्याला लागली की माथाडींची, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांची, टोळी पुढे येते. फाळका पडतो, दोघं वर चढतात, पन्नास-पन्नास किलोच्या गोणी पाठीवर घेऊन बाकीचे आत थप्पी लावतात. मापाडी काट्यावर वजन घेतो, मुकादम गोण्या मोजतो, चिठ्ठी होते. इथपर्यंत हे देशातल्या कुठल्याही बाजारासारखंच आहे. फरक पुढे आहे. व्यापारी ही मजुरी मनाला येईल तेवढी हमालाच्या हातावर ठेवत नाही. ठरलेल्या दराने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे वरचा अधिभार, तो माथाडी बोर्डात भरतो. बोर्ड टोळीतल्या प्रत्येकाच्या नावे पगार काढतं, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, औषधपाणी यांची सोय होते.

1969 च्या माथाडी कायद्याआधी या हमालाची अडचण काय होती, ते समजून घेतलं पाहिजे. तो दिवसात दहा व्यापाऱ्यांचा माल उचलायचा आणि दहापैकी एकही जण आपण त्याचा मालक आहोत हे मान्य करायचा नाही. कामगार कायदे मालक शोधत यायचे आणि मालकच सापडायचा नाही. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली हमालांनी लढून जो कायदा मिळवला, त्याने या पेचावर असा तोडगा काढला की जगभरच्या कामगार चळवळीने त्याचा अभ्यास करावा. एक एक मालक शोधत बसायचं नाही. बाजारातले सगळे व्यापारी मिळून एक मालक, नोंद झालेले सगळे हमाल मिळून एक कामगारवर्ग, आणि दोघांच्या मध्ये एक बोर्ड, ज्यावर कामगारांचे प्रतिनिधी, मालकांचे प्रतिनिधी आणि सरकारचे प्रतिनिधी बसतील. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत आज जी मुलं इंजिनियर आणि नर्स झालेली दिसतात, त्यांच्या शिक्षणाचा पैसा या बोर्डाच्या पासबुकांतून आला. व्यापाऱ्याचा गाळा त्याचाच राहिला, नफाही त्याचाच राहिला. त्याच्याकडून एकच गोष्ट काढून घेतली गेली, आपल्या मर्जीने मजुरी ठरवण्याची आणि सकाळी आलेल्याला हाकलून देण्याची सत्ता.

सिडको आणि माथाडी बोर्ड, दोन्ही एकाच काळातली अपत्यं, 1969 आणि 1970 ची. मालकी पूर्ण बदलूनही सत्ता न वाटणारी एक, मालकी न बदलता सत्तेचा एक तुकडा तोडून देणारं दुसरं. पर्यायांची तुलना करणाऱ्याने ही दोन्ही शेजारी ठेवून पाहावी.

बोर्डाचे दोषही सांगितले पाहिजेत. माथाडीच्या नावाने बोगस संघटना काढून कारखान्यांच्या गेटवर खंडणी मागणारे लोक आहेत, आणि उद्योजकांची ती तक्रार खोटी नाही. बोर्डांचा कारभार बरीच वर्षं सरकारी अधिकाऱ्यांच्या भरवशावर चालतो आणि कामगार प्रतिनिधी कोण होणार यात पक्षांचा हात असतो. मार्केटात माल निवडणाऱ्या, सांडलेला वेचणाऱ्या बायका आणि रोजंदारीवर आलेली परप्रांतीय पोरं बऱ्याच वेळा नोंदीबाहेरच राहतात. नोंद असलेला आणि नोंद नसलेला अशी एक नवी भिंत उभी राहिली. ती पाडायला बोर्ड मोडून चालणार नाही, बोर्डाची दारं उघडावी लागतील.

कामाच्या ठिकाणची सत्ता वाटण्याचा विचार आपल्या संविधानात आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने कलम 43-अ आलं. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा म्हणून राज्याने पावलं उचलावीत, असं ते सांगतं. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीने कायदा केला की दोन हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या असतील. मत समसमान पडलं तर अध्यक्षाचं जादा मत चालतं आणि अध्यक्ष शेवटी भागधारकांच्या बाजूचा असतो, त्यामुळे जर्मन कामगारालाही बरोबरी मिळाली नाही. तरी कारखाना बंद करायचा असेल तर त्याची चर्चा त्याच्यासमोर करावी लागते. आपल्याकडे कलम मार्गदर्शक तत्त्वांत पडून राहिलं. वागळे इस्टेटमधले किती कामगार गेटवरची नोटीस वाचून परत फिरले असतील! ज्या निर्णयाने त्यांचं उभं आयुष्य बदललं, तो कुठल्या खोलीत झाला हेदेखील त्यांना कधी कळलं नाही.

मग कामगारांनीच मालक व्हावं, असं म्हणणारे आहेत, आणि माझी ओढ त्यांच्याकडे आहे. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज बंद पडल्यावर कामगारांनी ती चालवायला घेतली. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन त्यांनी ते मान्य करून घेतलं. सुरुवातीची वर्षं कारखाना चांगला चालला, पुढे खेळतं भांडवल आणि नवी यंत्रं यांच्या अडचणीत तो अडकला. त्याच वेळी स्पेनच्या बास्क प्रांतात मोंद्रागोनच्या सहकारी संस्था पाय रोवून उभ्या होत्या. 1956 मध्ये एका छोट्या कारखान्यापासून सुरुवात केलेल्या त्या समूहात आज सुमारे 70 हजार लोक काम करतात आणि वरच्या-खालच्या पगारांत साधारण सहापट अंतराची मर्यादा त्यांनी स्वतःवर घालून घेतली आहे. कमानीकडे नसलेली एक गोष्ट त्यांच्याकडे होती. 1959 मध्येच त्यांनी स्वतःची बँक काढली. 2013 मध्ये त्यांचा घरगुती उपकरणांचा मोठा कारखाना फागोर बुडाला, तेव्हा त्यातल्या अनेक सभासदांना समूहातल्या इतर संस्थांत सामावून घेता आलं. समुद्रात एकटी होडी आणि होड्यांचा तांडा, इतका हा फरक आहे. केरळात 1925 साली मजुरांनी काढलेली उरालुंगल संस्था आजही रस्ते आणि पूल बांधते, तीही सहकाराचं पाठबळ असलेल्या मुलखात. कामगारांची मालकी अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी ही उदाहरणं पाहावीत. आणि बँक, बाजार, कायदा यांतलं काहीच न बदलता ती आपोआप टिकेल असं मानणाऱ्यांनी कमानीचं पाहावं.

सहकाराचा विषय निघाला की महाराष्ट्राची मान ताठ होते, आणि व्हायलाही हवी. 1950 मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला साखर कारखाना हा शेतकऱ्याने सावकाराला दिलेला जबाब होता. पण त्या कारखान्याचं मत कुणाला? ऊस पिकवणाऱ्या सभासदाला. बीडहून उचल घेऊन, पोरंबाळं बरोबर घेऊन आलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोड मजुराला, मत नाही. फडात राबून त्यानेच ऊस तोडला, पण सर्वसाधारण सभेत त्याला खुर्ची नाही. सहकारी मालकीतही मालक आणि नोकर राहू शकतात, फक्त मालकांची संख्या वाढते.

हे दूरचं वाटत असेल तर आपल्या सोसायटीत पाहा. गृहनिर्माण संस्था ही 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमाखालची संस्था आहे, प्रत्येक सभासदाला एक मत आहे, अध्यक्षाला बदलता येतं, हिशेब मागता येतो. ठाणे-नवी मुंबईतल्या लाखो कुटुंबांनी भोगलेली ही एकमेव थेट लोकशाही आहे. मी राहतो त्या सोसायटीच्या एका वार्षिक सभेत खर्च कमी करण्याचा विषय होता. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या, त्या वॉचमननेच मांडल्या होत्या. सेक्रेटरींनी जमाखर्च वाचला, गळक्या टाकीवर अर्धा तास वाद झाला, आणि मग रात्रपाळीच्या दोन वॉचमनपैकी एक कमी करावा असा ठराव आला. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, हात वर झाले, मंजूर. पाच मिनिटंही लागली नाहीत. ज्याची नोकरी गेली तो त्या वेळी जिन्यापाशी चहाचे कप भरत उभा होता, आणि ही बातमी त्याला चौथ्या मजल्यावरच्या एका मुलाने सांगितली. माझाही हात वर होता. आम्ही सगळे सज्जन माणसं होतो आणि नियम सगळे पाळले होते. नियमातच त्याच्यासाठी जागा नव्हती. तशी ती भाडेकरूलाही नाही आणि रोज दहा घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींनाही नाही.

म्हणून सत्ता खाली द्या, गावाला द्या, वॉर्डाला द्या, एवढं म्हणून माझं समाधान होत नाही. गांधी-विनोबांच्या ग्रामस्वराज्यातलं मोठेपण मी मानतो. लोहियांचं चौखंबा राज्यही मानतो, ज्यात गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चार खांब सत्तेचा भार वाटून घेतात. पण 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाला संकुचितपणा आणि जातीयतेचं घर म्हटलं, ते त्यांनी भोगून म्हटलं होतं. आजही एखादी सोसायटी ठराव न करता, नुसत्या कुजबुजीवर, मुसलमान कुटुंबाला किंवा एकट्या बाईला घर नाकारते. तिथे लोकांच्या जवळची सत्ता हीच सर्वांत जाचक सत्ता होते. तेव्हा दाद मागायला वर कुणीतरी हवं, आणि त्या वरच्यालाही धाक हवा. सत्तेचे तुकडे असे पाडावे लागतात की एका ठिकाणी दबलेल्या माणसाला दुसऱ्या ठिकाणी उभं राहता येईल. कामाच्या जागी दबला तर वॉर्डात, वॉर्डात दबला तर कोर्टात, कोर्टाने ऐकलं नाही तर निवडणुकीत. सगळी सत्ता एकाच ठिकाणी, मग ते ठिकाण बाजार असो, सरकार असो की ग्रामसभा, त्याला कुठेच पाय टेकू देत नाही.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा मला याच कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हणणाऱ्या या गोंड गावाने निर्णय सर्वसहमतीने घ्यायची पद्धत पाडली, म्हणजे एकाही माणसाचा नकार मोजला जातो. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांना 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवानाही ग्रामसभेच्या हाती आला. गावाची जिद्द तर होतीच, पण संसदेचा कायदा वरून पाठीशी उभा राहिला म्हणून वनखात्याला मागे सरावं लागलं. हीच वाट शहरात चालता येणार नाही असं मला वाटत नाही. मेंढ्यात सगळे एकमेकांना ओळखतात आणि जंगल समोर आहे, शहरात शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, हे खरं. म्हणून शहरात सहमती चालणार नाही, मतदान आणि प्रतिनिधी लागतील. हिशेब मात्र तसाच उघडा ठेवता येतो.

शहरात ही वाट कायद्याने अर्धी बांधून ठेवलेलीच आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. आपल्या महापालिका कायद्यात मतदान केंद्राच्या पातळीवरच्या क्षेत्रसभांची तरतूदही झाली. आपल्या वॉर्डात क्षेत्रसभा भरल्याचं कुणाला आठवतंय? कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. नवी मुंबई महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे 2020 मध्ये संपली, ठाण्याची मार्च 2022 मध्ये, आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकांपर्यंत दोन्ही शहरं प्रशासकांनी चालवली. एवढी वर्षं एकही नगरसेवक नसताना पाणी येत राहिलं, कचरा उचलला जात राहिला, आणि म्हणून कित्येकांना काही बिघडलं असं वाटलंच नाही. मला हीच गोष्ट सर्वांत काळजीची वाटते. हजारो कोटींचे अर्थसंकल्प मंजूर झाले, झाडं तोडायच्या आणि रस्ते रुंद करायच्या परवानग्या दिल्या गेल्या, आणि ज्याला जाब विचारावा असा, मतांसाठी पुन्हा दारात यावं लागणारा माणूस त्या खोलीत नव्हता.

ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 पासून वस्त्यांच्या सभांत महापालिकेच्या खर्चाचा क्रम ठरू लागला. गरीब वस्त्यांतले लोक श्रीमंत वस्त्यांपेक्षा जास्त संख्येने आले, कारण त्यांच्याकडे मागण्यासारखं जास्त होतं, आणि सांडपाणी-पाण्याची कामं आधी झाली. पुढे राजवट बदलली, प्रक्रिया ढिली पडत गेली आणि 2017 मध्ये थांबवली गेली. ती सत्ताधारी पक्षाच्या मर्जीवर उभी होती, हक्क म्हणून नव्हती. केरळने 1996 मध्ये लोकनियोजन सुरू करताना योजना निधीतला 35 ते 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे देण्याचं ठरवलं आणि ही रचना सरकारं बदलूनही मोडली नाही. नुसता सभेला बोलवण्याचा सोपस्कार आणि पैशासकट सत्ता देणं यांतला फरक इथे दिसतो.

माझ्याशी वाद घालणारे एक आक्षेप नेहमी घेतात, आणि तो मी गंभीरपणे घेतो. सभांना वेळ कुणाकडे आहे? सकाळी सातची लोकल पकडून रात्री नऊला घरी येणारा माणूस क्षेत्रसभेला बसणार कधी? मग सभेला निवृत्त, रिकामे आणि पक्षाचे कार्यकर्तेच येतील. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच वेळेचा प्रश्न हा सत्तेचाच प्रश्न आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी लढून 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, ती विश्रांतीसाठी होती आणि समाजाच्या कामासाठीही होती. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांत रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 10 आणि कारखान्यांत 9 वरून 12 करायला मंजुरी दिली. गुंतवणूक यावी हे कारण सांगितलं गेलं. बारा तास कारखान्यात आणि तीन तास प्रवासात घालवणाऱ्याला मतदानापलीकडे नागरिक म्हणून काही करता येणार नाही, हा त्या निर्णयाचा परिणाम आहे, आणि त्यावर विधानसभेत ज्या तीव्रतेने बोललं जायला हवं होतं तसं बोललं गेलं नाही.

तर मागायचं काय? सगळा भांडवलशाही व्यवहार उद्या गुंडाळा, असं मी म्हणत नाही. गाळा चालवणारा व्यापारी, दुकान काढणारी मुलगी, यंत्र बनवणारा उद्योजक समाजाला हवेच आहेत. त्यांच्या हातात दुसऱ्याच्या पोटावरची एकहाती सत्ता नसावी. सिडकोच्या मंडळावर प्रकल्पग्रस्त गावांनी आणि रहिवाशांनी थेट निवडलेले सदस्य असावेत, आणि भूखंड विक्रीतून आलेल्या पैशाचा ठराविक वाटा परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी कायद्यानेच बांधून टाकावा. त्या 1965 च्या कल्पनेचा विसरलेला अर्धा भाग असा पुरा करता येईल. नव्या सभागृहांनी क्षेत्रसभा भरवाव्यात आणि प्रत्येक प्रभागाच्या खर्चाचा एक हिस्सा तिथे ठरू द्यावा. गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत वॉचमन, सफाई कामगार यांच्या वेतनावर ठराव करण्याआधी त्यांचं म्हणणं सभेत ऐकणं सक्तीचं करावं.

आणि सर्वांत आधी, पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन पामबीच रोडवर आणि माजिवड्याच्या पुलाखाली सिग्नल सुटायची वाट पाहत उभ्या असलेल्या, अ‍ॅपवरून डिलिव्हरी करणाऱ्या पोरांचा प्रश्न घ्यावा. त्यांची अडचण 1969 पूर्वीच्या हमालाची आहे, तशीच्या तशी. काम दहा जणांचं, मालक कुणीच नाही, दर मोबाइलवर येतो आणि मोबाइलवरच बदलतो, आयडी बंद झाला की विचारायला खिडकी नाही. राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकने 2025 मध्ये अशा कामगारांसाठी कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क असा कायदा केला, म्हणजे माथाडीच्या लेव्हीचीच वाट धरली. जिथे ही वाट पहिल्यांदा पडली त्या महाराष्ट्राने पुढचं पाऊल टाकावं. कल्याणनिधीवर न थांबता रायडरांनी निवडलेले प्रतिनिधी बोर्डावर असावेत. दर कसा ठरतो आणि आयडी का बंद झाला याचं लेखी कारण कंपनीने बोर्डापुढे द्यावं, आणि बोर्डाच्या संमतीशिवाय दर खाली येऊ नये. ठाणे आणि नवी मुंबईच्या आमदारांनी हे विधेयक पुढच्या अधिवेशनात मांडावं. माथाडी बोर्डाचा सगळा अनुभव, त्याचे दोष आणि खंडणीखोरांना दूर कसं ठेवायचं यासकट, तुर्भ्याच्या मार्केटात त्यांच्या हाताशी आहे.